मागच्या दारानं येणारे मिक्सर

आमच्या घरी पुढच्या दारानं पाहुणे येतात आणि मागच्या दारानं मिक्सर. कुणाचा मिक्सर बंद पडला, पंखा घुमेना, इस्त्री तापेना, की बायका ती वस्तू पिशवीत घालतात, वर मेथीची जुडी ठेवतात आणि बोळातून येतात. माझा धाकटा भाऊ चाकाच्या खुर्चीत बसून मांडीवरच्या फळीवर मिक्सर पालथा घालतो, तळाचे स्क्रू काढतो, कार्बन झिजलेत का बघतो, आर्मेचरवरची काजळी पॉलिश पेपरनं पुसतो. निम्म्या वेळा नुसता कपलर तुटलेला असतो, दहा मिनिटांचं काम. दुरुस्त झालेला मिक्सर एकदा फिरवून बघावा लागतो. तो घर्रकन फिरला की आई टीव्हीचा आवाज वाढवते. शेजारी कुणाला कळू नये म्हणून.

हा चोरीचा माल नाही. घरातला कर्ता मुलगा दिवसाला दोन-अडीच तास काम करतो, एवढंच आम्ही लपवतो.

तो वायरमन होता. एकतिसाव्या वर्षी एका बंगल्याच्या छपरावरून पडला, मणका मोडला आणि कमरेखालचं अंग गेलं. ठेकेदाराकडे रोजावर होता, त्यामुळे कुठं नोंद नव्हती आणि विमाही नव्हता. दीड वर्ष दवाखाने झाले. त्यानंतर निळ्या पट्टीचं कार्ड मिळालं, म्हणजे ऐंशी टक्क्यांच्या वरचं अपंगत्व. मग 'पगार' चालू झाला. आमच्याकडे हाच शब्द आहे. योजनेचं नाव संजय गांधी निराधार अनुदान योजना, १९८० साली अंतुले मुख्यमंत्री असताना ती सुरू झाली आणि कागदावर ते अनुदान आहे. गावात मात्र त्याला अनुदान कुणी म्हणत नाही. 'पगार आला का?', 'दोन महिने पगार नाही बघा,' असंच बोलतात. २०२३ मध्ये तो हजाराचा दीड हजार झाला आणि ऑक्टोबर २०२५ पासून अपंगांसाठी अडीच हजार. वाढ झाली याचा आनंद मलाही झाला. पण त्या दिवसापासून घरातली धास्तीही वाढली, कारण बंद पडला तर जाणारी रक्कम मोठी झाली.

मला म्हणायचंय ते असं. अपंगत्वापोटी मिळणारा पैसा आणि हातानं कमावलेला पैसा यांची वजाबाकी मांडणं सरकारनं थांबवावं. अपंग माणूस थोडंसं काम करू शकतो म्हणून तो कमी अपंग होत नाही, आणि त्याचा खर्चही कमी होत नाही.

आधी नियम बघू. अपंगांसाठी या योजनेची उत्पन्नमर्यादा वर्षाला ५० हजार रुपये आहे. ही मर्यादा त्या माणसाच्या उत्पन्नाची नाही, सगळ्या कुटुंबाच्या उत्पन्नाची आहे. महिन्याला ४,१६६ रुपये, दिवसाला १३७ रुपये, आणि त्यात घरातली सगळी माणसं आली. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दरानं घरातल्या एकाच माणसानं वर्षात १६० दिवस काम केलं तर ४९,९२० रुपये होतात. एकशे एकसष्टाव्या दिवशी आई खुरपं घेऊन रानात गेली की मुलगा नियमाप्रमाणे अपात्र. अर्धं वर्ष घरी बसलेल्या कुटुंबालाच ही अट पाळता येते.

आता या पन्नास हजारांच्या कड्यावरचं गणित मांडते. समजा एका घराचं वर्षाचं उत्पन्न ४९ हजार आहे आणि अपंग मुलाचा पगार वर्षाला ३० हजार. घरात ७९ हजार आले. त्या मुलानं मिक्सर-पंखे दुरुस्त करून वर्षभरात ५ हजार कमावले. उत्पन्न ५४ हजार झालं, पगार बंद झाला, घरात ५४ हजारच राहिले. पाच हजार कमावले आणि पंचवीस हजारांनी घर खाली गेलं. पुन्हा ७९ हजारांवर यायचं तर त्याला आणखी २५ हजार कमवायला हवेत. अडीच तास बसू शकणाऱ्या माणसाला ते कुठून जमणार? इथं आळसाचा प्रश्नच येत नाही. चौथी शिकलेली माझी आईसुद्धा हा हिशेब बोटांवर करते आणि टीव्हीचा आवाज वाढवते.

'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्यात कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. त्या योजनेशी माझं भांडण नाही. बायकांच्या हातात पैसा आला ते मी माझ्या गल्लीत बघितलंय. पण त्याच राज्यात, त्याच तिजोरीतून, धडधाकट बहिणीच्या घराला अडीच लाखांपर्यंत मुभा आणि मणका मोडलेल्या भावाच्या घराला पन्नास हजारांपर्यंत, हा पाचपटीचा फरक कोणत्या तत्त्वावर केला, ते मला कुणीतरी समजावून सांगावं. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा म्हणतो की अशा योजनांमध्ये अपंगांना मिळणारी मदत इतरांपेक्षा किमान २५ टक्क्यांनी जास्त असावी. रकमेत ते पाळलं गेलंय. पण दारच पाचपट अरुंद असेल तर आत ठेवलेली रक्कम जास्त असून उपयोग काय? कायदा उत्पन्नमर्यादा ठेवायची मुभा देतो हे खरं. ती किती ठेवायची हे मात्र सरकारच ठरवतं, आणि ठरवलेलं बदलताही येतं.

यावर कुणी म्हणेल, अहो, दाखल्यावर कुठं खरं उत्पन्न असतं? बरोबर आहे, नसतं. तहसीलच्या आवारात अर्ज भरून देणाऱ्यांच्या टेबलापाशी अर्धा तास उभं राहिलं तरी कळतं. 'किती लावू?' असं विचारलं जातं, आणि उत्तर आधीच ठरलेलं असतं. सेतूतल्या माणसाला माहीत असतं, तलाठी भाऊसाहेबांना माहीत असतं, आपल्याला तर माहीत असतंच. नियम पाळण्याजोगा नसला की सगळे मिळून त्याच्याभोवती एक खोटं उभं करतात आणि गाडा चालतो. पण या खोट्याचा भार सगळ्यांच्या डोक्यावर सारखा पडत नाही. सही करणारा सही करून मोकळा होतो. खोटं वर्षभर सांभाळायचं असतं ज्याच्या नावावर पगार आहे त्यानं. त्याच्या दारावर पाटी लागत नाही. तो दुकानदाराकडून स्वतःच्या नावावर सुटे भाग उधारीवर घेत नाही. ऑनलाइन पैसे घेत नाही, कारण खात्यावर दिसतील. कुणाशी बांधावरून वाजलं तर 'तुझ्या पोराचा पगार बंद करीन' ही धमकी तयारच असते. आम्ही ती एकदा ऐकलीय. त्यानंतर दीड महिना भावानं कशाला हात लावला नाही. सोल्डरिंगची पेटी पलंगाखाली सरकवून ठेवली होती आणि तो छताकडं बघत पडून असायचा. खोटं बोलणं ज्याच्या जिवावर येतं असा सरळ माणूस या व्यवस्थेत सगळ्यात जास्त भरडला जातो.

नियमात अट उत्पन्नाची आहे, काम करण्याची नाही. हे मला वाचून कळलं. पण वाचायला कागद लागतो, तो कागद समजावून सांगणारा माणूस लागतो. गावात पोचलेला नियम एवढाच आहे: काम करताना दिसलास तर पगार जाईल. लोक त्या ऐकीव नियमाप्रमाणेच जगतात. सरकारनं तो ऐकीव नियम कधी खोडून काढलेला नाही, म्हणून त्याची जबाबदारीही सरकारवरच येते.

मग पूर्णवेळ काम का करत नाही, असं शहाणीसुरती माणसं विचारतात. त्यांचा राग यायचं कारण नाही, त्यांनी ते बघितलेलं नसतं. कमरेखाली जाणीव नसलेल्या माणसाला बसून बसून कातडी दुखत नाही. आणि दुखत नाही हाच धोका आहे. आपण बसल्या बसल्या नकळत कूस बदलतो, त्याचं अंग त्याला तसं सांगत नाही. म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन बूड उचलायचं, थोडा वेळ तसंच धरायचं, मग खाली टेकायचं. कामाच्या नादात हे राहिलं की माकडहाडाशी लाल डाग येतो. तो दुसऱ्या दिवशी गेला नाही तर जखम होते, आणि बसून झालेली जखम भरायला महिने लागतात. तेवढे महिने पालथं पडून राहायचं. शिवाय लघवीचा संसर्ग आहे. थंडी वाजून ताप येतो, आठवडा जातो. त्यामुळे भावाचं काम म्हणजे आज अडीच तास, उद्या दीड, पुढचे दहा दिवस शून्य. याला नोकरी म्हणत नाहीत, पण हे काम नाही असं कोण म्हणेल?

असं तुटक काम त्याच्या एकट्याच्या वाट्याला आलेलं नाही. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. नव्यानं आलेल्यांत सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे, पार्किन्सन आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या भागांत सिकलसेलची माणसं गावोगावी भेटतात. कळा उठल्या की उठवत नाही, कळा ओसरल्या की तीच मुलगी शिवणयंत्रावर बसते. मानसिक आजारातून सावरणाऱ्या माणसाला तर डॉक्टरच सांगतात की रोज थोडं काम करा, ठरल्या वेळी उठा, चार माणसांत जा. त्याच्यासाठी काम हे औषधासारखं आहे. आणि आपली व्यवस्था विचारते, तू काम करू शकतोस की नाही? हो की नाही? या सगळ्यांचं खरं उत्तर 'कधी कधी, थोडं थोडं' असं आहे आणि त्या उत्तराला अर्जात रकानाच नाही.

आता खर्चाकडं येते, कारण माझ्या म्हणण्याचा कणा तोच आहे. लोक अडीच हजारांना भरण-पोषण समजतात. आमच्या घरात त्यातला एक रुपयाही पोटात जात नाही. कॅथेटर, लघवीच्या पिशव्या, हातमोजे, जखमेच्या पट्ट्या, पोट साफ व्हायचं औषध, हवेची गादी फुटली की नवी गादी, आणि तालुक्याला जायचं तर एसटीत चढता येत नाही म्हणून रिक्षा. ज्या कामाला मी पन्नास रुपयांत जाऊन येते, त्याला भावाला सहाशे रुपये लागतात. तो काम करो न करो, हा खर्च आहेच. किंबहुना काम केलं तर वाढतो, कारण बाहेर पडावं लागतं, सामान आणावं लागतं, गादी लवकर झिजते.

हे तत्त्व सरकारला कळत नाही असं नाही. बऱ्या स्थितीतल्या अपंगांच्या बाबतीत ते छान कळतं. आयकरात ८० यू म्हणून ओळखली जाणारी वजावट आहे. जुनी करप्रणाली निवडणाऱ्या अपंग करदात्याला उत्पन्नातून ७५ हजार रुपये आणि तीव्र अपंगत्व असेल तर १ लाख २५ हजार रुपये सरसकट वजा करता येतात. खर्चाच्या पावत्याही मागत नाहीत. केंद्र सरकारच्या अपंग कर्मचाऱ्याला प्रवासभत्ता दुप्पट दरानं मिळतो. या सवलती अगदी रास्त आहेत आणि त्यातली एकही काढू नये. पण त्यांच्यामागं विचार काय आहे ते बघा. तुम्ही कमावता हे आम्हाला मान्य आहे, आणि कमावत असूनही तुम्हाला इतरांपेक्षा जास्त खर्च येतो हेही मान्य आहे. हाच विचार महिन्याला पन्नास हजार कमावणाऱ्याला लागू होतो आणि महिन्याला हजार रुपये कमावणाऱ्याला लागू होत नाही. त्याला मात्र दोन्हीतलं एक निवड असं सांगितलं जातं.

दुसरं उदाहरण घराच्या आणखी जवळचं. भावाचा एक जुना सोबती कारखान्यात होता. प्रेसखाली त्याची तीन बोटं गेली. कारखान्याला राज्य कामगार विमा, म्हणजे ईएसआय लागू होता. वैद्यकीय मंडळानं कमाईची क्षमता किती गेली ते ठरवलं आणि त्या प्रमाणात त्याला कायमच्या अपंगत्वाचा लाभ जन्मभरासाठी चालू झाला. तो आज पुन्हा नोकरी करतो आणि तो लाभही घेतो. दोन्ही उघड, दोन्ही कायदेशीर. कारण तिथं लाभ हा गेलेल्या बोटांचा आहे, रिकाम्या हातांचा नाही. माझा भाऊ त्याच औद्योगिक वसाहतीत, तसल्याच कारखान्याच्या छपरावरून, विमा चालू असताना पडला असता, तर आज त्यालाही जन्मभर लाभ मिळाला असता आणि वर पाटी लावून दुकानही थाटता आलं असतं. मणका तोच, खुर्ची तीच. फरक एवढाच की तो नोंद असलेल्या छपरावरून पडला नाही. सरकारी नोकर असता तर २०१६ च्या कायद्याच्या विसाव्या कलमानं त्याला संरक्षण होतं. सेवेत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कुणाला काढता येत नाही, दुसरं काम द्यावं लागतं, तेही जमत नसेल तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवावं लागतं. रोजंदारीवरच्या माणसाला यातलं काहीच नाही. त्याच्यासाठी आहे उत्पन्नाचा दाखला.

आणि ज्या सरकारचा एक हात उत्पन्न मोजतो, त्याच सरकारचा दुसरा हात उत्पन्नाची साधनं वाटतो. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडून अपंगांना पिठाची गिरणी मिळते, शिलाई मशीन मिळतं, झेरॉक्स मशीन मिळतं. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातला पाच टक्के निधी अपंगांसाठी राखून ठेवावा लागतो. राज्याचं दिव्यांग वित्त व विकास महामंडळ स्वयंरोजगारासाठी कर्ज देतं, फिरत्या दुकानासाठी ई-वाहन देतं. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रानं दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागच काढला. हे सगळं चांगलं आहे. पण गिरणी घेणाऱ्यानं विचारलं की साहेब, हिच्यावर दळण चाललं आणि वर्षाला पन्नास हजारांच्या वर गेलं तर माझा पगार राहील का, तर काय सांगणार? गिरणी घे पण चालवू नकोस? आमच्या शेजारच्या वाडीत अशी एक गिरणी आहे. तिच्यावर गोणपाट टाकलेलं असतं आणि दळण फक्त संध्याकाळी होतं.

पैशाचा मुद्दा मी टाळणार नाही. राज्याची तिजोरी काही अथांग नाही, आणि सगळ्यांना द्यायचं म्हटलं तर खऱ्या गरजूला कमी पडेल, हा आक्षेप प्रामाणिक माणसंही घेतात. पण ज्यांच्या कमाईकडं दुर्लक्ष करा असं मी म्हणतेय, ते आज काय करतात? एक तर भावासारखे लपून काम करतात आणि पगारही घेतात. म्हणजे सरकारचा पैसा आजही जातोच आहे. नाही तर भीतीपोटी कामच करत नाहीत. तेव्हाही सरकारचा पैसा जातोच, वर त्यांची कमाई बुडते ती वेगळी. या दोघांनाही उघड काम करू दिलं तर पगारापोटी आज जातंय त्यापेक्षा जास्त जाणार नाही. कुटुंबाची मर्यादा वाढवली तर नवे लाभार्थी येतील आणि त्याचा खर्च येईल हे कबूल. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांवर अपंग होते, आणि देशभरातल्या २ कोटी ६८ लाख अपंगांपैकी साधारण ३६ टक्केच काम करणारे म्हणून नोंदले गेले होते. उरलेल्यांत मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत, ज्यांना खरोखर काही करता येत नाही अशीही आहेत. पण त्यात पलंगाखाली पेटी सरकवून बसलेली किती असतील?

बोगस प्रमाणपत्रांची ओरड मीही ऐकते आणि मला तिची चीड येते. खोट्या टक्क्यांवर जागा लाटणारे आमच्याच ताटातलं नेतात. त्याला तपासणी कडक करा. पण तपासायचं ते अपंगत्व, घाम नाही. ज्याच्या मणक्याचा एमआरआय सरकारी दवाखान्यात झालाय, ज्याला कायमचं प्रमाणपत्र मिळालंय, त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिसला म्हणून तो बोगस ठरत नाही. गावातल्या बोलण्यात या दोन गोष्टींची सरमिसळ होते. 'एवढं चांगलं काम करतो, कसला आलाय अपंग!' असं म्हणणारा माणूस त्याला शाबासकी देतोय असंच समजत असतो.

एका धोक्याबद्दल मात्र मला मनापासून भीती वाटते. 'काम करू द्या' या मागणीचं उद्या 'काम कराच' होऊ नये. इंग्लंडमध्ये हे झालेलं आहे. तिथं २००८ पासून कामाची क्षमता तपासण्याची पद्धत आणली गेली, आणि जी माणसं खरोखर आजारी होती त्यांनाही 'कामाला योग्य' ठरवून मदत बंद झाल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं झाल्या, अपिलांमध्ये पुष्कळ निर्णय फिरलेही. मात्र त्याच देशात अपंगत्वाच्या जादा खर्चासाठी एक वेगळा भत्ता आहे, पिप नावाचा, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. नोकरी करा, नका करू, तो मिळतो. २०२५ च्या उन्हाळ्यात सरकारनं तो मिळवण्याचे निकष कडक करायचं ठरवलं, तेव्हा सत्ताधारी मजूर पक्षाचेच खासदार बिथरले आणि सरकारला जुलैमध्ये त्या तरतुदी मागं घ्याव्या लागल्या. मला त्यातून एवढंच घ्यायचंय की जादा खर्चाचा भत्ता वेगळा आणि कामाचा प्रश्न वेगळा, ही विभागणी करता येते. आणि एक खूणगाठ बांधायचीय की ज्याला अजिबात जमत नाही त्याच्याकडं बोट दाखवायला माझ्या भावाचं उदाहरण कुणी वापरू नये.

परतीची वाट हा आणखी एक मुद्दा. पगार एकदा बंद झाला की पुन्हा चालू करायचा म्हणजे नवा अर्ज, नवा दाखला, तलाठ्याचा अहवाल, समितीची बैठक. ती बैठक केव्हा होईल ते कुणी सांगत नाही. अमेरिकेत, जिथं या बाबतीतले नियम एरवी भयंकर किचकट आहेत, तिथं निदान एक सोय आहे. विमा भरलेल्या कामगाराच्या अपंग निवृत्तिवेतनात नऊ महिने काम करून बघायची मुभा असते, त्या महिन्यांत कितीही कमावलं तरी वेतन चालू राहतं. पुढं कमाईमुळं वेतन बंद झालं आणि पाच वर्षांच्या आत त्याच आजारानं पुन्हा काम सुटलं, तर नवा अर्ज न करता ते परत चालू करायची विनंती करता येते, आणि निर्णय होईपर्यंत सहा महिन्यांपर्यंत तात्पुरती रक्कम मिळते. आणि तिथलीच एक चूक आपण करू नये अशी आहे. गरीब अपंगांच्या योजनेत महिन्याच्या कमाईतले ६५ डॉलर मोजायचे नाहीत असं १९७२ च्या कायद्यात लिहिलं, आणि तो आकडा आजही ६५ च आहे. मर्यादा एकदा लिहिली आणि महागाईशी बांधली नाही की ती आपोआप आवळत जाते. आपल्या पन्नास हजारांचं तेच होतंय.

म्हणून मागणं असं आहे. अपंग माणसाची स्वतःच्या श्रमाची कमाई या योजनेसाठी मोजूच नये. सगळी सोडायला मन होत नसेल तर निदान अशी पातळी ठरवा की जिच्या वर गेल्यावर पगार एकदम तुटणार नाही, हळूहळू कमी होत जाईल. कुटुंबाची मर्यादा लाडक्या बहिणीच्या बरोबरीला आणा. बंद झालेला पगार कार्डाच्या नंबरावर महिन्याभरात परत चालू करता आला पाहिजे, पाच वर्षांपर्यंत. आणि यातलं काहीही व्हायच्या आधी, अगदी उद्या करता येण्याजोगं एक काम आहे. प्रत्येक तहसीलच्या भिंतीवर आणि प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर साध्या मराठीत लिहा की अपंग लाभार्थ्यानं काम केलं एवढ्याच कारणानं त्याचा पगार बंद होणार नाही. याला एक पैसा लागत नाही.

जून २०२५ मध्ये बच्चू कडू गुरुकुंज मोझरीला उपोषणाला बसले, तेव्हा अपंगांना महिना सहा हजार मिळावेत ही त्यांच्या मागण्यांतली एक होती. आमच्या घरात त्याची रोज चर्चा व्हायची. आईचं म्हणणं, सहा हजार झाले तर देवच पावला. भाऊ म्हणाला, 'ताई, सहा हजार दिले आणि हीच अट ठेवली तर मी मिक्सरला हात लावायचंही बंद करीन. तेवढं घालवायची छाती नाही माझी.' मी त्यावर खूप विचार केला. रक्कम वाढलीच पाहिजे, अडीच हजारांत आजही त्याचा महिना निघत नाही. पण रकमेबरोबर उत्पन्नाची मर्यादाही वाढली नाही तर त्याला घरात कोंडणारी भिंत तेवढीच उंच होईल.

परवा हयातीचा दाखला द्यायचा होता. रिक्षा केली, भावाला घेऊन गेले. रिक्षातच त्यानं मला एक कागद दिला, त्याच्या अक्षरातला. तो आम्ही नीट लिहून काढला आणि आवक टेबलावर दिला. मजकूर असा: 'मी संजय गांधी योजनेचा लाभार्थी आहे. मी घरी बसून दिवसाला सुमारे दोन तास विजेची उपकरणं दुरुस्त करतो. त्यातून मला महिन्याला साधारण हजार ते बाराशे रुपये मिळतात. ही माहिती मी स्वतः देत आहे. यामुळे माझा लाभ बंद होईल किंवा कसे, हे लेखी कळवावे.' लिपिकानं दोनदा वाचलं. भावाकडं बघितलं, मग माझ्याकडं. 'कशाला देताय हे, ताई? कुणी विचारलंय का तुम्हाला?' असं हळू आवाजात म्हणाला. तो चांगल्या मनानंच म्हणत होता. भाऊ म्हणाला, 'साहेब, पोच द्या.'

पोच मिळाली आहे. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. आईनं ती तांदळाच्या डब्यात ठेवली आहे, मिक्सरचे पैसे ठेवते तिथंच.